दोन तासांत येतो

लग्नानंतरची पहिली काही वर्षं माझ्या नवऱ्यानं मला एकच थाप मारली, पण ती दर रविवारी न चुकता मारली. सकाळी कॅनव्हासचे बूट घालताना, नाडीकडे बघत, माझ्याकडे न बघता हे म्हणायचे, "दोन तासांत येतो." आणि यायचे जेवणवेळ टळून गेल्यावर. चेहरा उन्हानं लाल, बुटात माती आणि तोंडात असं काही कारण, की कोर्टात न्यायाधीशानं ऐकलं असतं तर हसून प्रकरण निकाली काढलं असतं.

हे नगरला वकिली करायचे. आठवड्याचे सहा दिवस एकेक शब्द तोलून बोलणारा हा माणूस रविवारी कॅम्पातल्या गोल्फच्या मैदानावर गेला की त्याला घड्याळ कळेनासं व्हायचं. मैदान म्हणजे डोळ्यांपुढे हिरवंगार काही आणू नका. नगरचा उघडा माळ, मुरूम, कडेनं बाभळी आणि घायपात, आणि त्यात नऊ भोकं. नऊ संपली की पुन्हा पहिल्यापासून तीच नऊ. भोकाभोवती हिरवळ असायच्या जागी तेल मिसळलेली वाळू पसरलेली. तिला 'ब्राउन' म्हणायचे. त्यावरून चेंडू भोकात ढकलला, की गोणपाट बांधलेल्या दांड्यानं आपली पावलं पुसून वाळू सारखी करून द्यायची आणि मगच पुढं जायचं, असा रिवाज होता. आम्ही अंगण झाडतो तसंच ते. फक्त तिथं वकील, मॅनेजर झाडायचे म्हणून त्याला खेळ म्हणायचं.

खेळ किती का लांबेना, माझं काही म्हणणं नव्हतं. पण आमच्या घरी रविवारी मटणाचा रस्सा असायचा, आणि सासूबाईंचा नियम असा, की मुलगा जेवल्याशिवाय सुनेनं जेवायचं नाही. त्या स्वतः वेळेवर जेवत. त्यांना ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या. मी मात्र चुलीपाशी बसून रस्सा एकदा गरम करायची, मग पुन्हा गरम करायची, आणि तिसऱ्यांदा गरम करताना मनातल्या मनात जे बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यात ते दुष्काळाचं वर्ष. ज्वारी बाजारात दिसेना, रेशनवर ती परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळायची. मिलोची भाकरी गरम असताना कशीबशी घशाखाली जाते. गार झाली की तिची चप्पल शिवावी. मी देवळाली प्रवऱ्याकडची, कालव्याच्या पाण्यावर वाढलेली. माझ्या माहेरी भाकरी तव्यावरून थेट ताटात पडायची. गार भाकरीपुढं उपाशी बसणं मला जड जायचं.

एका रविवारी माझं डोकं फिरलं. फडक्यात चार भाकऱ्या बांधल्या, डब्यात रस्सा घेतला आणि सासूबाईंना सांगितलं, "आत्याबाई, मी ह्यांना जेवण देऊन येते."

"कुठं गं?" त्या म्हणाल्या.

"कामावर. वावरात नेत नाही का भाकरी? तशी."

सायकलरिक्षानं कॅम्पात गेले. मैदानाच्या टोकाला चौघे जण पाठीत वाकून घायपातीत काहीतरी शोधत होते. आमचे हे, क्लबचे सेक्रेटरी असलेले निवृत्त मेजर आणि आणखी दोघे. त्यातला एक बँकेत मॅनेजर, दुसरा साखर कारखान्यात इंजिनियर. मी आधी लांबूनच उभी राहून बघितलं. चेंडू हरवला ह्यांचा, पण शोधायचा चौघांनी. सापडला की पुढं कोणी मारायचं यावर "तुम्ही मारा", "छे छे, आधी तुम्ही." मग एकानं मारायचं, बाकीच्यांनी तो चेंडू डोळ्यांआड होईपर्यंत बघायचा, त्यावर बोलायचं, मग दुसऱ्यानं मारायचं. तेवढ्यात कोणी ओळखीचा सायकलवरून जाताना दिसला की "राम राम, काय म्हणता, पाऊसपाणी काय म्हणतंय?" पाऊस काहीच म्हणत नव्हता, हे सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं, तरी त्यावर चौघांचं बोलणं व्हायचंच. ब्राउनवर पोचले की गोणपाट कोणी ओढायचं यावर पुन्हा "राहू द्या, मी करतो", "अहो तुम्ही कशाला." खेळण्यात चार आणे वेळ आणि सभ्यपणात बारा आणे. माझ्या गार भाकरीचं कारण मला त्या दिवशी कळलं.

मी जवळ गेले. चौघेही चोरी पकडल्यासारखे ताठ उभे राहिले.

"अगं, तू इथं कशी?" हे म्हणाले.

"भाकरी आणलीय. आणि तुमचा चेंडू त्या दगडामागं आहे."

होताच. पोरीबाळी वावरात करडू शोधतात ती नजर वकिलाला कुठून यायची? मेजर खूश होऊन हसले आणि गमतीनं काठी माझ्या हातात देत म्हणाले, "वहिनी, मारून बघा." मी पदर खोचला. तीन भावांबरोबर विटीदांडू खेळून मोठी झालेली मी. काठी हातात आली की कुठं धरायची हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. चेंडू गेला. फार लांब गेला असं नाही, पण सरळ गेला, आणि मुरमावर टप्पे घेत जात राहिला. माझ्या छातीत काहीतरी मोकळं झालं. बाकीचं सगळं त्या एका फटक्यातून सुरू झालं.

ह्यांनी मला शिकवलं, हे कबूल करायला हवं. जुन्या काठ्या दिल्या, हौसेनं दिल्या. पण बायकांना मैदान फक्त आठवड्यातल्या दुपारी. भर उन्हात, तेही सोबत असेल तर. माझ्याबरोबर खेळणारी गावात एकच बाई होती, कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका. पन्नाशीच्या, अविवाहित, भाऊ लष्करात होता त्याच्याकडून खेळ शिकलेल्या. त्या चालायला लागल्या की आख्खी शाळा रांगेत यायची. पण आठवड्यातल्या दुपारी त्यांची शाळा असायची. शाळेला सुट्टी असेल अशा एखाद्या दुपारी तेवढ्या यायच्या. म्हणजे आमच्या दोघींना दर आठवड्याला मोकळा असा एकच वेळ होता, रविवार सकाळ, आणि ती पुरुषांची होती.

मला ती सकाळ का हवी होती, ते सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. रविवारी आमच्या घरी ह्यांच्या गावाकडची, पाथर्डीकडची माणसं यायची. कोर्टाच्या कामाला आलेली, बाजाराला आलेली, सहज आलेली. त्यांच्यातल्या बायका चहाचा कप हातात घेता घेता माझ्या पोटाकडे बघायच्या. कुणी कुठला नवस सांगायची, कुणी कुठल्या वैद्याचं नाव सांगायची, कुणी काहीच न बोलता नुसता सुस्कारा सोडायची आणि तो सुस्कारा मला सगळ्यात जास्त लागायचा. मैदानावर कोणी काही विचारायचं नाही. शाळेच्या बाई तर माझ्या खांद्याच्या वळणाखेरीज कशाचीच चौकशी करायच्या नाहीत. त्या उघड्या माळावर मी कुणाची सून नव्हते, कुणाची आई का नाही याचा जाब देणारी नव्हते. तिथं मला बरं वाटायचं. इतकं बरं मला दुसरीकडे कुठंच वाटत नव्हतं.

म्हणून एके दिवशी आम्ही दोघींनी मेजरांना गाठून रविवार सकाळ मागितली.

मेजर माणूस भला, पण नियमाचा. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "त्याचं काय आहे वहिनी, बायका आल्या की खेळ मुंगीच्या पावलानं चालतो. मागच्यांचा खोळंबा होतो. रविवारी सगळ्यांना घरी जेवायला जायचं असतं."

जेवायला! मला हसावं की काठी उगारावी कळेना. शाळेच्या बाईंनी माझं कोपर धरून ठेवलं.

"मग असं करू," मेजर म्हणाले. "येत्या रविवारी तुम्ही दोघी आमच्या चौघांच्या पुढं खेळा. पूर्ण अठरा. आम्हाला तुमच्यासाठी एकदाही थांबावं लागलं नाही, तर रविवार तुमचा. थांबावं लागलं, तर पुन्हा विषय काढायचा नाही."

घरी येऊन ह्यांना विचारलं, तुम्ही कोणाच्या बाजूनं? हे म्हणाले, "माझे दोन्ही पक्षांशी संबंध आहेत, मला वकीलपत्र घेता येणार नाही." आणि पेपरात तोंड घातलं.

त्या रविवारी आम्ही खेळलो नाही, आम्ही धावलो. जिची तयारी झाली तिनं मारायचं, मानपान नाही. चालता चालताच पुढचं ठरवायचं. चेंडू झुडपात गेला तर एकीनं शोधायचा, दुसरीनं आपला मारून पुढं निघायचं. ब्राउनवर एक जण चेंडू ढकलतेय तोवर दुसरी गोणपाट धरून तयार. माझा पदर कमरेला इतका घट्ट खोचलेला होता, की श्वास घ्यायला त्रास होत होता. पहिली नऊ झाली तेव्हा मागचे चौघे इतके लांब होते की नुसत्या टोप्या दिसत होत्या. बाई म्हणाल्या, "वकीलीणबाई, मागं वळून बघू नकोस. शर्यतीत मान वळवली की पाय अडखळतो."

पण घोडं अडलं ते दुसऱ्या फेरीत. सहाव्या भोकाच्या वाटेत मैदान ओलांडून एक पायवाट जायची. सडकेवर पाण्याचा टँकर उभा राहायचा त्या वर्षी, आणि पलीकडच्या वस्तीवरच्या बाया त्या वाटेनं पाणी न्यायच्या. आम्ही तिथं पोचलो आणि नेमकी ती रांग मैदानात शिरली. डोक्यावर भरलेल्या घागरी, कमरेवर कळशा, एकीमागं एक. आम्हाला काठ्या घेऊन उभं बघितलं आणि पुढची म्हातारी थांबली. तिच्यामागं आख्खी रांग थांबली.

"मारा बाई तुमी," म्हातारी म्हणाली. "आमी थांबतो."

"नाही हो आजी, तुम्ही व्हा पुढं."

"न्हाई न्हाई, तुमचा खेळ चाललाय. आमचं काय, रोजचंच हाय."

डोक्यावर भरलेली घागर घेऊन ती मला वाट देत होती. मी मारू शकले असते का? ह्या वर्षात एक घागर फुटली तर त्या बाईचा पुन्हा टँकरपर्यंतचा फेरा, आणि तोवर टँकर निघून गेलेला. मी काठी खाली टाकून दोन्ही हात जोडले. "आजी, तुम्ही गेल्याशिवाय मी चेंडूला हात लावणार नाही." तेव्हा कुठं ती हलली. जाता जाता मागच्या बाईला सांगत होती, "येवढुसा चेंडू, आन् येवढं मोठं रान! कवा गावायचा?"

घागर भरलेली असली की बाई पळत नाही. पाणी हिंदकळू न देता, मान न हलवता, एका लयीत चालते. रांग सरकत राहिली आणि आम्ही उभ्या. मागून आवाज आले. मेजर, हे आणि ते दोघे आमच्या पाठीशी येऊन उभे राहिले होते. मेजरांनी मनगट वर केलं आणि घड्याळ बघितलं. ते बघणंच पुरे होतं. सकाळ गेली हातातून, असं मला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी आलं ते मी धूळ गेली म्हणून पुसलं.

शाळेच्या बाई मात्र शांत. त्या मेजरांना म्हणाल्या, "हळू चालणाऱ्यांनी मागच्यांना वाट द्यायची, असा खेळाचा नियम आहे ना? मग आम्ही वाट देतो. रांग गेली की तुम्ही पुढं व्हा. म्हणजे आमच्यासाठी थांबायचा प्रश्न येत नाही."

मेजरांना नियम नाकारता येईना. पण आमच्याकडच्या पुरुषाला बायका उभ्या असताना त्यांना ओलांडून पुढं जायला सांगणं, यापेक्षा अवघड शिक्षा नाही. रांग केव्हाच पलीकडे गेली, तरी चौघे तिथंच.

"मेजरसाहेब, आधी तुम्ही."

"छे, मान तुमचा, तुम्ही मॅनेजर."

"वकीलसाहेब मारू देत, घरचीच माणसं आहेत."

"घरचीच आहेत म्हणून तर मला नको," हे म्हणाले.

शेवटी इंजिनियरनं मारला तो जमिनीला खरवडून दहा पावलांवर थांबला. मॅनेजरांचा बाभळीत. बायका बघतायत म्हटल्यावर मेजरांचा हातसुद्धा आखडला. आणि आमच्या ह्यांनी, सगळ्या नगर जिल्ह्यानं बघावा असा जोरदार पवित्रा घेऊन, चेंडू थेट घायपातीत घातला. नाचता येईना अंगण वाकडं, तसं हे काठीकडे बघू लागले. मग रिवाजाप्रमाणे चौघेही घायपातीत वाकले. आम्ही उभ्या. बाई त्यांची शाळेतली नजर लावून बघत राहिल्या. मी त्या चौघांच्या पाठी बघितल्या आणि मला त्या भाकरीच्या दिवसाची आठवण झाली. हसू दाबता दाबता पोट दुखायला लागलं.

बराच वेळ गेल्यावर बाईंनी वर्गात विचारावं तसं विचारलं, "मेजरसाहेब, आता कोण कुणासाठी थांबलंय?"

मेजर घायपातीतून वर आले. कोपरावर ओरखडा, मिशीत काटकी. त्यांनी आमच्याकडे बघितलं, मग आपल्या तिघा सोबत्यांकडे बघितलं, आणि खरं सांगते, त्या माणसाबद्दल मला त्या क्षणापासून आदर वाटायला लागला, कारण ते खो खो हसले. टोपी काढून म्हणाले, "व्हा बाई पुढं. हा रविवारही तुमचा आणि पुढचेही तुमचे."

आम्ही पुढं झालो आणि उरलेली भोकं वाऱ्यासारखी संपवली. ह्यांचा चेंडू शेवटपर्यंत सापडला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही हक्कानं मैदानावर गेलो. निघताना सासूबाईंनी विचारलं, "किती येळ लागंल?" मी बुटाची नाडी बांधत म्हणाले, "दोन तास."

आणि पुन्हा धावायलाच लागलो. सवयच लागली होती. मारायचं, चालायचं, गोणपाट ओढायचं, पुढं. दुसऱ्या फेरीत त्या सहाव्या भोकापाशी, पायवाटेच्या कडेला एक कडुनिंब होता, तिथं शाळेच्या बाई एकदम थांबल्या. मला वाटलं पाय मुरगळला. त्या खाली बसल्या, पिशवीतून भाजक्या शेंगा काढल्या आणि म्हणाल्या, "वकीलीणबाई, एक सांग. आपल्यामागं कोण लागलंय?"

मी मागं बघितलं. चौघे लांब होते, आणि नक्कीच काहीतरी शोधत होते.

मग माझ्या ध्यानात आलं. ही सकाळ मिळावी म्हणून मी ती लवकरात लवकर संपवून दाखवत होते. मला वेळ हवा होता आणि मी तो वाचवत बसले होते. मी खाली बसले. कमरेचा पदर सैल केला. शेंगा खाल्ल्या, टरफलं पिशवीत भरली. पायवाटेनं ती म्हातारी घागर घेऊन आली, आम्हाला बघून म्हणाली, "गावला का चेंडू?" मी म्हणाले, "गावला आजी. आता बसलोय." तिनं आमच्यापैकी कुणालाही लेकरंबाळं किती हे विचारलं नाही. घागर उतरवून आमच्या ओंजळीत पाणी ओतलं. त्या वर्षी! मी नको नको म्हणत असताना ओतलं आणि निघून गेली.

मागून चौघे आले. आम्ही बसल्या जागेवरून हात केला, व्हा पुढं. ह्यांनी संशयानं माझ्याकडे बघितलं. "बरं वाटत नाही का?" "फार बरं वाटतंय," मी म्हणाले. ते चौघे पुढं गेले, आम्ही मागून रमतगमत गेलो. बाईंनी मला चेंडू वाळूवर हळू कसा सोडायचा ते दाखवलं. बाभळीवरचा सुगरणीचा खोपा दाखवला. मी पहिल्यांदा त्या मैदानाच्या चारी कडा नीट बघितल्या.

घरी पोचले तेव्हा जेवणवेळ केव्हाच टळली होती. दारातच रश्श्याचा वास आला. आता ऐकावं लागणार. आत गेले तर हे आंघोळ करून, पाटावर, रिकाम्या ताटापुढं बसलेले. चेहऱ्यावर तीच भूक, जी पाच वर्षं माझ्या चेहऱ्यावर असायची. पाहुण्या आलेल्या दोन बाया भिंतीला टेकून बघत होत्या. सासूबाई चुलीपुढं, परातीत पीठ मळून ठेवलेलं, तवा रिकामा.

"बघ की गं," हे काकुळतीनं म्हणाले. "केव्हाचा बसलोय. वाढतच नाहीये आई."

"कसं वाढू?" सासूबाई मागं न बघता म्हणाल्या. "ती आली न्हाई अजून. गार भाकर कुनी खायाची?" आणि त्यांनी परातीतला गोळा उचलून थापायला घेतला.

पाहुण्यांतली एक जण सवयीनं काहीतरी विचारायला तोंड उघडत होती. सासूबाईंनी भाकरी तव्यावर टाकली, हात झटकले आणि तिच्याकडे बघून म्हणाल्या, "आधी जेवू दे तिला. खेळून आलीय."

मी हातपाय धुऊन ह्यांच्या शेजारच्या पाटावर बसले. पहिली भाकरी तव्यावरून सरळ माझ्या ताटात पडली.